सुधारलेली भिंगरी

आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. हसू नका, खरं सांगतेय. ताई आणि मी एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन कडाकडा भांडतो, आणि भावजी मध्ये उभे राहून दोन्ही हातांनी हवा खाली दाबत राहतात. लांबून कोणी पाहिलं तर म्हणेल, काय जिव्हाळा आहे बहिणीबहिणींत!

कारण असं की आमचं पोट ताईच्या आवाजावर चालतं. ती लहान मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. राजा, राक्षस, म्हातारी, उंदीर, सगळे तीच. मी तिची धाकटी बहीण. त्यांच्याकडेच राहते आणि तिच्या रेकॉर्डिंगची साफसफाई करते. म्हणजे कानांना हेडफोन लावून दिवसभर ताईचे श्वास काप, मध्येच भुंकलेला कुत्रा काप, खालच्या मजल्यावरचा खोकला काप. भावजी छापखान्यात यंत्रावर असतात. तिथल्या खडखडाटानं त्यांचे कान इतके किटलेले असतात की घरी चमचा पडला तरी ते दचकतात. थोडक्यात काय, शांतता आम्हाला सगळ्यांनाच हवी होती. जिला ती जमत नव्हती, ती नेमकी आमच्याच घरात जन्माला आली.

ती म्हणजे ताईची मुलगी. तिसरीत आहे. पायाला भिंगरी लावूनच आलेली, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. एका पायात मोजा घालेल, दुसरा हातात घेऊन खिडकीशी जाईल, तिथं पक्षी दिसला की मोजा तिथंच. प्रश्न विचारेल आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीत पोचलेली असेल. जेवताना एक घास ताटाशी, एक घास सोफ्यापाशी, एक घास कुठं गेला ते दोन दिवसांनी मुंग्या सांगायच्या. मला तर तिच्यामागे धावून धावून वेगळा व्यायाम करावा लागत नसे.

आता आमचं घर समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. सामानाची एक लहानशी खोली होती, तिला ताईनं रेकॉर्डिंगसाठी बंदिस्त करून घेतलं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, वर फोम चढवला, जमिनीवर जाड सतरंजी. खिडकी कायमची बुजवली. दार असं जड केलं की खांदा लावल्याशिवाय हलत नाही, आणि त्याच्या कडेनं रबराची पट्टी. दारावर बाहेरच्या बाजूला एक लाल दिवा, त्याचं बटण आत ताईच्या टेबलापाशी. तो दिवा लागला की घर मेलं. पंखे बंद, नळ बंद, फोन मुके. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. आणि दार? जगबुडी आली तरी दार उघडायचं नाही. हे ताई हसून सांगायची, पण गंमत म्हणून नाही.

त्यात आत कोणी बोललं तर बाहेर नीट ऐकू येत नाही, पण बाहेर कोणी पळालं की धक्का जमिनीतून थेट माइकपर्यंत. भिंगरी पळायचीच. मग ताई लाल दिवा घालवून बाहेर यायची, चेहरा असा की बघवत नसे, आणि ते पान पहिल्यापासून. जगातल्या सगळ्या मुलांना हिनं इतक्या मायेनं गोष्टी सांगाव्यात आणि स्वतःच्या पोरीला दिवसभर "शू" करावं, हे मला बघवायचं नाही. पण आश्रिताच्या तोंडाला कुलूप असतं.

शाळेतही तेच. बाईंनी हात टेकले होते. "बसत नाही, ऐकत नाही, दुसऱ्यांनाही बसू देत नाही." शेवटी बाईंनी तिचा बेंच वेगळा केला, वर्गाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे तिचं लक्ष विचलित होणार नाही म्हणे! अहो, भिंतीत बघण्यासारखं असतं तरी काय? मी ताईला म्हटलं, ही शिक्षा झाली. ताई म्हणाली, "त्यांच्याकडे चाळीस मुलं आहेत, आपली एक आहे. एकीनं आपल्या नाकी नऊ आणलेत, त्यांचं काय होत असेल?"

मग एकदाची मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेली. बाई होत्या, वयानं ताईएवढ्याच. त्यांनी भिंगरीशी खेळत खेळत बराच वेळ काढला, शाळेतूनही माहिती मागवली आणि मग सांगितलं की हिला एडीएचडी आहे. हिचं मनही एका जागी ठरत नाही आणि अंगही. हे ती मुद्दाम करत नाही. तिला छोटी छोटी कामं द्या, मध्ये मध्ये भरपूर पळू द्या, रागावण्याआधी थांबा, आणि दर महिन्याला या. निघताना त्यांनी ताईला पुन्हा थांबवून सांगितलं, "काही बदल दिसला तर मला कळवा. चांगला वाटला तरी कळवा."

"चांगला वाटला तरी" हे कशासाठी, ते तेव्हा कोणालाच कळलं नाही.

एक-दोनदा गेलो. तेवढ्यात ते दाताचं झालं. ताईचं एक मोठं पुस्तक संपत आलं होतं, शेवटचं पान चालू होतं, प्रकाशक डोक्यावर बसला होता. लाल दिवा लागलेला. आणि भिंगरीचा हलणारा दात पडला. तिला कोण आनंद! दात तळहातावर घेऊन तिनं धावत जाऊन दाराला अख्ख्या अंगानं धडक दिली. दार उघडलं आणि ही "आई, पडला! पडला!" करत थेट माइकवरच. माइक खाली, त्याची वायर तुटली, आणि काहीतरी असं बिघडलं की त्या दिवसाचं सगळं वाचन गेलं.

ताई किंचाळली. ते समजू शकते. पण भावजी नुकतेच यंत्रावरून आले होते, कान भणभणत होते, त्यांनी पोरीचा दंड धरला आणि म्हणाले, "तुझ्यामुळे एक दिवस आईचं काम जाणार आहे. कळतंय का? तुझ्यामुळे." ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आमच्या घरच्या पद्धतीनं, हळू, शब्द सुटे सुटे करून बोलले. भिंगरी तळहातावर दात घेऊन उभी होती. ओठाला रक्त होतं. कोणी दात बघितलाच नाही. मी नंतर म्हटलं, दाखव की गं मला. तर म्हणाली, टाकून दिला.

त्यानंतर ती शांत होत गेली.

आधी आम्हाला वाटलं घाबरलीय, होईल पूर्ववत. मग पळणं थांबलं. मग प्रश्न थांबले. शाळेतून आली की गणवेशातच पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. सकाळी पोट दुखायचं. दोन घासांत जेवण संपायचं, आणि तेही ताटासमोर बसून! चित्र काढायला बसली की काढून झाल्यावर त्याचे बारीक बारीक तुकडे करायची, अगदी निगुतीनं. आणि घरात सगळे खूश. डॉक्टरांकडे जाणंही राहूनच गेलं. ताईचं अख्खं पान एका दमात होऊ लागलं. भावजी सोफ्यावर पाय लांब करून म्हणायचे, "सुधारली बरं का भिंगरी." शाळेत बाईंनी तिला पुढं बोलावून सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. "बघा, मनात आणलं की सगळं जमतं!" भावजींनी मोठी रंगपेटी आणली बक्षीस म्हणून. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद तिनं काढलासुद्धा नाही.

माझ्या मात्र जिवाला घोर लागला. एका संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती मान न हलवता बसली होती. भिंगरी, आणि केस विंचरताना न हलता! आरशात न बघता ती म्हणाली, "मावशी, मी नसते तर आईच्या खूप गोष्टी झाल्या असत्या ना गं?"

 मी तिला घट्ट धरलं, म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती "हं" म्हणाली. एवढंच.

मी ताईला गाठलं ते स्वयंपाकघरात, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन जुंपलो.

"तिला डॉक्टरांकडे ने."

"कशाला? आता तर शांत झालीय."

"हे शांत नाहीये ताई, हे काहीतरी वेगळंच आहे. ती काय म्हणाली माहितीये?" आणि मी तिचं वाक्य सांगितलं.

ताईचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं गॅसची शेगडी पुसायला घेतली. "मुलं बोलतात काहीही. तुला सवय आहे राईचा पर्वत करायची. इतके दिवस ती उड्या मारत होती तेव्हा सगळे मला बोल लावत होते. आता एका जागी बसली तर तुला तेही खुपतंय?"

"काही बदललं तर कळवा म्हणाल्या होत्या ना त्या?"

"तू आई आहेस का तिची?"

झालं.  माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आगसुद्धा कुजबुजत. मी स्वतःच दवाखान्यात फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आईवडिलांनी यायला हवं. म्हणजे मला दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. बुजवलेल्या खिडकीच्या त्या घरात मी दिवसभर हेडफोन लावून बसायचे, ताईच्या गोष्टीतली मुलं खिदळायची, आणि हेडफोन काढला की घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला त्या शांततेत गुदमरायला व्हायचं.

त्या दिवशी ताई सकाळपासून प्रकाशकाकडे गेली होती. दुपारी भिंगरी शाळेतून आली. मी दूध दिलं, तिनं अर्धं ठेवलं. "पोट दुखतंय, झोपते," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. हे रोजचंच झालेलं. मी भाजी आणायला खाली उतरले. वर आले तर लाल दिवा लागलेला. म्हटलं, ताई आली वाटतं मी खाली असताना, आणि आल्या आल्या कामालाही लागली. मी पिशवी अलगद ठेवली, पंखा बंद केला, स्वयंपाकघराचं दार लोटून भाजी निवडत बसले. थोड्या वेळानं भावजी आले. दिवा बघून त्यांनी दारातच बूट काढले, मोज्यांवर चालत येऊन सोफ्यावर बसले. मी दारातून डोकावून खुणेनंच विचारलं, चहा? त्यांनी मान डोलावली. मी बारीक आंच करून चहा ठेवला.

तेव्हा लाल दिव्याच्या दारामागून आवाज आला. म्हणजे कसा, की खूप लांब कोणीतरी ओरडतंय असा, गादीखाली दाबलेला. आणि मऊ मऊ धपधप. भावजींनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि दोन्ही हातांची नखं करून राक्षस दाखवला. मी हसले. खरंच सांगते, मी हसले. आम्हाला त्याची सवयच होती ना! ताई राक्षस करायची तेव्हा पाय आपटायची, टेबलावर मुठी मारायची, रडणारी राजकन्या करायची तेव्हा हुंदके द्यायची. मला वाटलं, आज रंगलंय वाचन. भावजींनी चहा भुरका न मारता प्यायला. आतला आवाज बराच वेळ येत होता, मग बारीक झाला, मग थांबला. मी मनात म्हटलं, मेला वाटतं राक्षस.

मी कांदा चिरत होते आणि बाहेरच्या दारात किल्ली फिरली. अगदी हळू. मी स्वयंपाकघराच्या दारात आले. ताई घरात शिरत होती. तिनं लाल दिवा पाहिला आणि सवयीनं चपला हातात घेतल्या, चवड्यांवर दोन पावलं टाकली, तेवढ्यात मला पाहिलं. मग सोफ्यावर भावजींना पाहिलं. तिनं ओठांनीच विचारलं, "आत कोण?"

आमच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तरीही, बघा, तिघांपैकी कोणी ओरडलं नाही. भावजी उठले ते आवाज न करता. ताई दाराशी पोचली, मुठीवर हात ठेवला आणि थबकली. लाल दिवा लागलेला होता ना. तिचीच खोली, तिचाच दिवा, आणि तिचा हात पुढं जाईना. मी तिला बाजूला ढकलून खांद्यानं दार लोटलं.

आतून भट्टीसारखी गरम हवा अंगावर आली. भिंगरी ताईच्या स्टुलावर बसली होती. पाठ ताठ, हाताची घडी, तोंडावर बोट. शाळेत शिकवतात तशी. गणवेश घामानं अंगाला चिकटलेला, केस कपाळावर, डोळे सुजलेले. तिच्यासमोर दाराच्या आतल्या बाजूचा फोम नखांनी ओरबाडलेला होता. ती धावत बाहेर येईल म्हणून मी हात पसरले. ती जागची हलली नाही.

"अगं बाई गं! तू आत कशी?" ताई म्हणाली. अजूनही हळूच.

"दार आतून ओढलं तर उघडत नव्हतं. जड आहे ते." भिंगरीनं तोंडावरचं बोट काढून सांगितलं. "मी हाका मारल्या."

"पण आत आलीस कशाला?"

"इथं केलं तर कोणाला ऐकू जात नाही ना."

"काय केलं तर?"

"रडलं तर," भिंगरी म्हणाली.

भावजी दाराच्या चौकटीला टेकले. ताई गुडघ्यांवर बसली. दिव्याचं बटण भिंगरीच्या हाताशीच होतं, तिचं कोपर त्याला लागत होतं. ताईची नजर तिकडे गेली. "अगं, मग दिवा का नाही बंद केलास? दिवा बंद झाला असता तर आम्ही लगेच दार उघडलं असतं. विसरलीस का, राणी?"

"नाही विसरले." ती विचार करून, नीट सांगावं तसं सांगत होती. "कोणी येऊ नये म्हणून लावला होता. नंतर बंद करणार होते. मग वाटलं, राहू दे. मी आत असले की बाहेर सगळं छान चालतं."

ताईच्या तोंडातून असा आवाज निघाला की तो मी कुठल्याही गोष्टीत ऐकला नव्हता. राक्षसाचा नाही, राजकन्येचाही नाही. ती भिंतीवर डोकं आपटत मोठमोठ्यानं रडायला लागली, इतकी की शेजारचं दार उघडल्याचं मला ऐकू आलं. आणि भिंगरी घाबरली. ती पहिल्यांदा स्टुलावरून उतरली, धावत गेली आणि तिनं आपला छोटासा तळहात ताईच्या तोंडावर दाबून धरला. "शू, आई! शू! बाबा आलेत ना!"

भावजींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण नाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं दवाखान्यात होतो. ताईनं काही लपवलं नाही. दात, रंगपेटी, टाळ्या, ते माझ्याशी बोललेलं वाक्य, बंद खोली, सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा तो लाखमोलाचा आवाज फाटत होता. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ही सुधारली नव्हती. हिला उदासीचा आजार झालाय. मुलांनाही होतो, आणि हिच्यासारख्या मुलांना दिवसभर बोलणी बसतात, म्हणून जरा जास्तच होतो. बरं होता येतं. पण वेळ लागेल, आणि फक्त तिला नाही, तुम्हा सगळ्यांना यावं लागेल. शाळेशीही मी बोलते." त्यांनी भिंगरीशी एकटीशी बोलून घेतलं, पुढचे काही दिवस तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही हे आम्हाला बजावलं, आणि मग आम्हाला परत आत बोलावलं.

त्या खोलीत खेळणी होती, चेंडू होते, उड्या मारायची गादी होती. भिंगरी खुर्चीत बसलेली, हात मांडीवर. आधीच्या वेळी तिनं याच खोलीत कपाटावर चढून सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता.

"इथं तुला हवं ते करायचं," डॉक्टर तिला म्हणाल्या. "पळ, उड्या मार, ओरड. कोणी काही म्हणणार नाही."

भिंगरीनं ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "कर गं सोन्या. कितीही आवाज कर. मोठ्यानं कर." ती हे अगदी खणखणीत बोलली, घरात कधी बोलली नव्हती तशी. भावजीही म्हणाले, "कर, बाळा."

भिंगरी खुर्चीतून उठली. गादीपर्यंत गेली. आम्ही तिघं बघत होतो. ती गादीवर चढली, मध्यभागी उभी राहिली, गुडघे थोडे वाकवले. तोंड उघडलं. मग तशीच थांबली. बराच वेळ. शेवटी तिनं आमच्याकडे वळून पाहिलं, आणि माफी मागावी तसं हळूच म्हणाली, "आई, मला आता येत नाही."